भाव तसा बेत

अहो, ऐकलंत का? कोथरूडमधल्या एका सुशिक्षित, सुखवस्तू, दारात दोन गाड्या असलेल्या घरात परवा सलग चौथ्या दिवशी फ्लॉवर झाला. आधी रस्सा, मग पराठे, मग फ्लॉवर-बटाटा, आणि चौथ्या दिवशी उरलेल्या तुऱ्यांचं ताजं लोणचं. घरात कुणाची नोकरी गेली का? नाही. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं? तेही नाही. कारण एवढंच, की फ्लॉवर पन्नासला तीन गड्डे होता. बरं, हे त्या घरातले काका मान खाली घालून सांगतील म्हणाल, तर छे! छाती पुढे काढून सांगत होते. भरल्या लिफ्टमध्ये! परक्या माणसांसमोर!

हे एका घरापुरतं असतं तर मी तोंडसुद्धा उघडलं नसतं. पण साथ पसरली आहे. आठवड्याचा स्वयंपाक आता घरातल्यांच्या आवडीवर ठरत नाही, दुकानातल्या सवलतींवर ठरतो. इतकी वर्षं मराठी घरात सकाळी एकच प्रश्न विचारला जायचा, ‘आज भाजी काय करू?’ त्यावर पेपरामागून एकच उत्तर यायचं, ‘काहीही कर.’ संसार त्यावर चालले. आता प्रश्नच उरला नाही. शुक्रवारच्या पेपरातून सुपरमार्केटचं गुळगुळीत पत्रक गळून पडतं, ते आधी उचललं जातं, आणि शनिवारी रात्री फ्रिजवर वेळापत्रक झळकतं. सोमवार मेथी, मंगळवार दुधी, बुधवार ‘जे उतरेल ते’. पुढे कंसात भाव. बेताच्या कागदावर भाव! आमच्या सासूबाईंच्या काळात भाव पिशवीबरोबर दाराबाहेर राहायचा.

खरा धक्का तर पुढे आहे. हे वेळापत्रक करतं कोण? पुरुष! ज्यांना काल-परवापर्यंत मेथी आणि शेपू यांतला फरक नाकाला लावूनही कळत नव्हता, ते निवृत्त अधिकारी आता सोमवारच्या पेपरात अग्रलेख ओलांडून थेट बाजारभावाच्या बातमीवर जातात. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात रविवारी किती गाड्यांची आवक झाली, मटार कुठल्या राज्यातून आला, कोथिंबिरीच्या लाख-दीड लाख जुड्या आल्या तरी भाव का उतरला नाही, हे सगळं त्यांना मुखोद्गत असतं. पालेभाजीचा घाऊक भाव शेकड्यावर निघतो, म्हणजे शंभर जुड्यांना इतके रुपये. आमच्या इमारतीतले एक काका त्याला शंभराने भागून कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींशी वाद घालायला जातात. मावशी ऐकून घेतात. मग म्हणतात, ‘काका, शंभर जुड्या घ्या, त्या भावाने देते.’ काका गप्प. तरी दुसऱ्या सोमवारी पुन्हा हजर.

आणि तो सोसायटीचा ग्रुप! पूर्वी तिथे सकाळी गुलाबाची फुलं आणि सुविचार यायचे. आता खबरी येतात. ‘मंडईत संध्याकाळी सातनंतर मेथी वीसला तीन.’ ‘डेअरीत दही उद्या मुदत संपणारं, निम्म्या दरात, सहाच डबे उरलेत.’ सहाच उरलेत म्हटल्यावर बी विंगमधून चपला फटफटत उतरल्याचा आवाज येतो. ज्यांनी गणपतीच्या वर्गणीची पावती फाडायला तीन फेऱ्या मारायला लावल्या, ते गृहस्थ दह्यासाठी पहिले पोचले. वर परतताना तोंडावर कसलं तेज!

आता तुम्ही म्हणाल, सवलतीत घेणं यात नवं काय? अगदी बरोबर. १९४८ साली नायगावच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत सहकारातून ‘अपना बाजार’ उभा राहिला, तो रास्त भावासाठीच. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत शेजारच्या कुटुंबांचे गट करून एकत्र माल मागवते, आणि पिशव्या वाटून घेताना जिन्यात काय काय कानावर येतं ते वेगळंच. १९७२ साली मृणाल गोरे आणि अहिल्याबाई रांगणेकर यांच्या मागे मुंबईतल्या बायका महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, तेव्हा हातात लाटणी होती. भावाची चाड बायकांना तेव्हाही होती. फक्त तिचं प्रदर्शन मांडत नव्हत्या. स्वस्तातला तांदूळ घरी आला की डब्यात ओतून पिशवी घडी घालून गादीखाली जायची. पाहुण्यांना ‘आंबेमोहोर आहे’ एवढंच कळायचं, केवढ्याचा ते नाही.

लाज पहिल्यांदा जाहीरपणे गेली ती २६ जानेवारी २००६ ला. बिग बाजारने त्या दिवशी ‘सबसे सस्ता दिन’ काढला आणि प्रजासत्ताक दिनाचं झेंडावंदन आटोपून लोक रांगेत उभे राहिले. इतकी गर्दी लोटली, की काही ठिकाणी दुकानाचे दरवाजे बंद करावे लागले. पुढे बुधवारही स्वस्ताईचा वार झाला. तो बाजार आता उठला, पण बुधवार लोकांच्या अंगात मुरला तो मुरलाच. गंमत म्हणजे ज्या डी-मार्टमध्ये अख्खा महाराष्ट्र महिन्याचा किराणा भरायला जातो, त्याचा हिशेबच वेगळा. २००२ मध्ये पवईला पहिलं दुकान निघालं तेव्हापासून तिथलं धोरण रोजच कमी भाव ठेवण्याचं. एका दिवसाची जत्रा नाही. म्हणजे आमच्या काकांची पंचाईतच! रोजच स्वस्त असेल तर बढाई कसली मारायची?

पण भाजी, किराणा हे सगळं किरकोळ हो. खरा गोंधळ घातलाय तो श्रावणाने. आषाढी अमावास्येला चिकनचा भाव चढलेला असतो, दुकानासमोर सकाळपासून रांग. दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो, रांग गायब आणि भाव धाडकन खाली. गणपती उठेपर्यंत निम्मी गिऱ्हाइकं फिरकतच नाहीत, म्हणून माल उठत नाही, म्हणून स्वस्त. वर्षातली सगळ्यांत चांगली सवलत नेमकी खायची बंदी असताना! सी विंगमधल्या एका धाकट्या चिरंजीवांनी यावर तोडगा काढला. श्रावणात कोंबडी आणायची, फ्रीजरमध्ये टाकायची आणि गणपती विसर्जनानंतर बाहेर काढायची. आजींना सोमवारी बर्फ काढताना ती सापडली. श्रावणी सोमवारी! त्यावर चिरंजीव म्हणतात, ‘आजी, खाणं वर्ज्य आहे, खरेदी वर्ज्य आहे असं कुठे लिहिलंय?’ आजींनी तासभर विचार केला. मग म्हणाल्या, ‘केवढ्याला मिळाली?’

ही पातळी आहे! आजीसुद्धा फितूर!

तिथून पुढे सणावारांची धडगत राहिली नाही. पितृपक्षात गवार, भेंडी, कारली, लाल भोपळा, अळू या सगळ्यांना भाव येतो, कारण सगळ्या शहराला एकाच पंधरवड्यात त्याच भाज्या लागतात. त्यावर एका घरात चक्क चर्चा झाली म्हणे, की ‘नानांना गवार तशी फार आवडायची नाही, फरसबी चालेल.’ नाना आता काही बोलू शकत नाहीत, हे पाहूनच ना! त्यापेक्षा जुनी माणसं किती शहाणी. आषाढ शुद्ध नवमीला, चातुर्मास लागायच्या दोन दिवस आधी, कांदेनवमी करून कांदा भरपेट खाऊन घ्यायचे. थालीपीठ, झुणका, भरले कांदे, कांदाभजी. चाळीत भरलेला उन्हाळी कांदा तेव्हा मुबलक असतो आणि पुढे श्रावण-भाद्रपद सरता सरता भाव चढायला लागतो. चार महिने कांदा सोडायचा तो नेमका त्याच दिवसांत. यात धर्म किती आणि किराणा किती, हे विचारायचं नसतं. त्यांनी वेळापत्रक केलं होतं, पण फ्रिजवर चिकटवून मिरवलं नव्हतं, एवढाच फरक.

मध्यंतरी तर सरकारनेच यात उडी घेतली. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे नवे दर लागू झाले. पाकीटबंद पनीरवरचा कर गेला, तूप, लोणी, चीज बारावरून पाच टक्क्यांवर आलं. दिवस कोणता? घटस्थापनेचा! ज्यांनी नऊ दिवसांचे कडक उपास धरले होते, त्यांच्या घरात पनीर येऊन पडलं. मग वाद सुरू. पनीर उपासाला चालतं का? दूध चालतं, मग दूध नासलेलं का चालू नये? शेवटी ‘चालतं’ असं ठरलं. कुठल्या शास्त्राच्या आधारे, ते मला विचारू नका. कर गेला म्हणून दोष गेला असेल.

आणि हिशेब! माझ्या मैत्रिणीचे यजमान दुकानात टोमॅटो केचपच्या बाटल्यांसमोर अर्धा तास उभे असतात. एकावर एक फुकट की मोठी बाटली? आता पाकिटांवर एमआरपीच्या शेजारी ग्रॅमचा किंवा किलोचा दरही बारीक अक्षरांत छापलेला असतो, तो वाचायला यांनी खास भिंग घेतलंय. खरं सांगायचं तर एवढी एक गोष्ट मला पटली. ‘एकावर एक’च्या दोन लहान बाटल्या पुष्कळदा मोठ्या बाटलीपेक्षा महाग पडतात, आणि मोठं पाकीट नेहमीच स्वस्त असतं असंही नाही. तो बारीक आकडा वाचणारा माणूस फसत नाही. पण मग वाचून झाल्यावर घरी यावं की नाही? हे गृहस्थ तीन दुकानं पालथी घालतात, शंभरीपार गेलेलं पेट्रोल जाळतात आणि बत्तीस रुपये वाचवल्याचं घरी येऊन जाहीर करतात. घरात केचप कुणी खात नाही, हे सांगायचं राहिलंच.

स्वस्ताईच्या या नशेत एकदाच ठसका लागला होता. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरी ओलांडून गेला, तेव्हा घराघरांत आमसुलाचं सार सुरू झालं आणि भेळेवरचा टोमॅटो मोजून पडू लागला. सप्टेंबरात तोच टोमॅटो वाऱ्यावर. मग काय, आमच्याकडे सार, टोमॅटोचं भरीत, टोमॅटोची चटणी, बेसनाचं टोमॅटो ऑम्लेट, आनंदीआनंद. त्याच दिवसांत नाशिककडे वीस किलोच्या ज्या क्रेटला जुलैत दोन हजार मिळाले होते, त्याला शंभर रुपयेही धड मिळेनात. तोडणीची मजुरी सुटत नाही म्हणून उभ्या पिकात जनावरं सोडली लोकांनी. सोमवारच्या बाजारभावात हे ‘आवक वाढली, दरात घट’ एवढ्या चार शब्दांत येतं. काका तो मजकूर वाचून टाळी वाजवतात. तेवढ्यापुरतं मी उठून आत जाते.

असो. पाहुणचाराचं काय झालंय ते तर सांगायलाच हवं. पूर्वी वाढणारीने ‘आणखी घ्या’ म्हणायचं, खाणाऱ्याने ‘पुरे पुरे’ म्हणायचं, हा रिवाज. आता वाढताना सांगतात, ‘घ्या हो, मटार चाळीसला होता.’ घास घशात अडकतो! म्हणजे ऐंशीला असता तर वाढला नसता? जानेवारीत मध्य प्रदेशातून मटारच्या गाड्यांवर गाड्या येतात आणि केळवणांचा मोसमही तेव्हाच. एका नवरदेवाला लागोपाठच्या केळवणांत मटार उसळ, मटार भात, मटार पॅटिस, मटार करंजी आणि प्रत्येक ठिकाणी शेवटी गाजर हलवा मिळाला. पोरगा अंतरपाटाआड उभा राहिला तेव्हा हिरवट दिसत होता, असं करवल्याच म्हणत होत्या. मी नाही म्हणत.

पूर्वीची भावाची लपवाछपवी चांगली होती का, असं परवा मला एका तरुण सुनेने विचारलं. म्हणाली, ‘काकू, काटकसर करायची बाईने आणि लाजायचंही तिनेच, त्यापेक्षा हे उघड बरं नाही का? निदान भाजीचा भाव घरातल्या पुरुषाला कळला.’ मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी विषय बदलला. काटकसर उघड झाली याचं मला दुःख नाही हो. पण भाव पिशवीत शोभतो, ताटात नाही. वाढताना एकदा का आकडा उच्चारला, की पाहुण्याच्या पोटात अन्नाआधी तो आकडा जातो, आणि तो काही पचत नाही.

पण माझं कोण ऐकतंय? ताजी बातमी ऐका आणि कुणाला सांगू नका. ए विंगमधल्या मुलीचं ठरलं. मुलगा बावधनचा, आयटीतला, सालस. पत्रिकेत छत्तीसपैकी जेमतेम अठरा गुण जुळले, गुरुजींनी तोंड वाकडं केलं. तरी दोन्हीकडच्या आया हटून बसल्या, की हेच लग्न व्हायला हवं. का, तर दोन्ही घरांच्या फ्रिजवरची वेळापत्रकं म्हणे वारासकट जुळली.