जपानी केरसुणी

जपानमधील प्राथमिक शाळेत, १९५४ च्या शालेय भोजन कायद्याच्या छत्राखाली शिजलेले अन्न पांढरे डगले चढवून सोबत्यांना वाढणारी मुलेच पुढे डोक्याला रुमाल बांधून, ओल्या फडक्यावर दोन्ही तळवे टेकून, व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत जमीन पुसतात. हे दृश्य पाहून परतलेले आमचे सद्गृहस्थ स्वावलंबनाच्या माहात्म्यावर तासभर सद्गदित वाणीने बोलतात आणि त्या अवधीत त्यांचे उष्टे ताट, अर्थातच, दुसरेच कुणी उचलून नेते. त्यांच्याच चिरंजीवांच्या हाती शाळेने कधीकाळी केरसुणी दिली, तर मात्र हे जपानभक्त दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या दालनात अर्ज घेऊन हजर: आम्ही फी भरतो ती विद्येची, की हमालीची? (कन्येच्या बाबतीत असा अर्ज सहसा दाखल होत नाही, तिने केर काढावा यात कुणास काही जपानी वाटत नाही.) मुख्याध्यापकही मुरलेले, ते शिपायाकरवी केरसुणी तत्काळ जप्त करवितात आणि जपानी बालकांचे एक रंगीत चित्र दर्शनी भिंतीवर लावण्याची तजवीज करतात. त्यावरील धूळ झटकण्याचे काम शिपायाच्याच जिम्मे असते.