बहुधाराव

आषाढातल्या धुक्यात तोरणा दिसेनासा झाला, की वेल्ह्याच्या चहाच्या दुकानात टेकलेला परगावचा मनुष्य साहजिकच विचारतो, 'किल्ला कोणत्या बाजूला?', आणि छत्री दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उभी धरून बसलेले, कोटाचे वरचे बटण वैशाखातही न सोडणारे एक वृद्ध गृहस्थ, ज्याच्या पायथ्याशी आपला जन्म झाला त्या सुमारे चार हजार सहाशे फुटांच्या प्रचंड वस्तूच्या दिशेने बोट दाखवून उत्तर देतात, 'या अंगाला असावा, असा माझा समज आहे.' गावाने त्यांचे नाव बहुधाराव ठेवले आहे. असा एक तरी बहुधाराव प्रत्येक तालुक्यात पेन्शन खात असतो.

1948 साली भोर संस्थान विलीन झाले आणि मोडी दप्तराच्या रुमालांत वाढलेले हे तरुण कारकून एकाएकी इंग्रजी मसुद्यांच्या मुलखात येऊन पडले. तर्खडकरांची भाषांतरमाला कंदिलापाशी घोकून त्यांनी ती भाषा संपादन केली. पण भाषेपेक्षा तिच्यातल्या चोरवाटाच त्यांना अधिक भावल्या. 'असे दिसते', 'असे म्हणता येईल', 'माझ्या अल्प मतीप्रमाणे' अशा शब्दांची तटबंदी उभारली, की वरिष्ठांचा शेरा आत शिरत नाही, हा शोध त्यांना लागला. पुढे 1964 चा राजभाषा अधिनियम येऊन दप्तर मराठी होऊ लागले, तेव्हा त्यांनी इंग्रजी तेथेच ठेवली आणि तटबंदी तेवढी मराठीत उचलून आणली.

त्यातून अनवस्था प्रसंग ओढवत. फेरफाराच्या नोंदीवर हरकत घ्यायला आलेल्या एका शेतकऱ्याला, साहेबाच्या 'आय ॲम अफ्रेड'चे शब्दशः भाषांतर करून, ते अत्यंत विनयाने म्हणाले, 'मला भीती वाटते, की आपली मुदत टळली आहे.' 'भ्यायचं काय त्यात, रावसाहेब? म्या हाय की!' असे म्हणून तो बिचारा कचेरी सुटेपर्यंत त्यांच्या मेजापाशी धीर देत बसला.

वास्तविक इंग्रजाच्या त्या उद्गारात भीतीचा लवलेश नसतो. दरवाजा बंद झाला, एवढेच त्याला कळवायचे असते. 'विथ ड्यू रिस्पेक्ट' असा आरंभ झाला, की पुढे अपमान येतो हे समजून असावे. उलट 'शुअर्ली' म्हणणारा आतून डळमळलेला असतो. खात्री असती तर तो शब्द खर्च करण्याचे प्रयोजनच काय? आपण मराठीत तरी निराळे काय करतो? 'तो घरी असलाच पाहिजे' असे ठासून सांगतो, तेव्हा त्याला घरी पाहिलेले नसते. पाहिले असेल तर 'घरी आहे' एवढ्यावर भागते. हे उलटे कोष्टक बहुधारावांच्या हाडीमासी इतके खिळले आहे, की ते 'बहुधा' म्हणाले तर गोष्ट झालीच असे गावकरी धरून चालतात आणि 'निश्चित' म्हणाले तर दुसरी सोय पाहतात. (महाराजांनी तोरणा 1646 साली घेतला की 1647 साली, या प्रश्नावरचे त्यांचे 'असावे' मात्र मला न्याय्य वाटते, इतिहासकारांतही त्याविषयी एकवाक्यता नाही.)

तटबंदीवाचून ते बोलले, असा एकच प्रसंग त्यांचे जुने सहकारी सांगतात. 12 जुलै 1961 रोजी कचेरीत बातमी येऊन थडकली, तेव्हा ते खुर्चीवरून उठले आणि दोनच शब्द बोलले: 'पानशेत फुटलं.' त्यापुढे कोणी काही विचारले नाही.

गेल्या श्रावणात माझा मुक्काम त्यांच्या ओसरीवर पडला, कारण संध्याकाळची गाडी, त्यांच्या शब्दांत, 'बहुधा गेली असावी' आणि खरोखरच गेली होती. रात्रभर पाऊस कोसळत होता. पहाटे वळकटी बांधून मी विचारले, 'सकाळची स्वारगेटची गाडी मिळेल ना?'

'निश्चित! त्यात तिळमात्र संशय नको,' ते म्हणाले.

मी वळकटी सोडली आणि आत काकूंना सांगितले, 'माझेही दोन मुठी तांदूळ टाका.'