तासाभराचे दर्यावर्दी

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो जाते. प्रवास जेमतेम तासाभराचा, पण तेवढ्यात आमच्यातल्या प्रत्येकाचा कान्होजी आंग्रे होतो. गाडी खालच्या डेकवर, आपण वर एसीत, हातात सामोसा आणि गप्पा मात्र वादळवाऱ्याच्या! पुढे अलिबागला जुन्या मित्रांकडे मुक्काम. कॉलेजात याच मंडळींना आम्ही ‘अलिबागहून आलायस का?’ म्हणून छळायचो. त्या वाक्यावर बंदी मागणारी याचिका उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फेटाळली; तोवर विचारणारेच तिकडे प्लॉट शोधत हिंडू लागले होते. आता मित्र प्रेमाने जिताड्याचं कालवण वाढतात आणि ओघात गुंठ्याचा भाव सांगतात. आम्हाला जोराचा ठसका लागतो. काटा अडकला, असं आम्ही सांगतो.