पाचव्या हाडाची प्रतिष्ठा

बॅडमिंटनमध्ये मी आजवर कप तर सोडाच, बशीही जिंकलेली नाही. पण स्मॅश मारून खाली येताना पाऊल आत वळलं, करंगळीमागचं पाचवं लांब हाड मोडलं आणि नागपूरच्या धंतोलीतल्या डॉक्टरांनी कागदावर ‘स्पोर्ट्स इंज्युरी’ असं लिहिलं. खेळून जे जमलं नाही ते पडून जमलं: मी खेळाडू झालो.

त्यात फ्रॅक्चरचं नावही भारदस्त. जोन्स फ्रॅक्चर! घरी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी माहिती वाचली. रॉबर्ट जोन्स हे लिव्हरपूलचे मोठे अस्थिशल्यविशारद. त्यांचं स्वतःचं हे हाड नाचताना मोडलं, आणि 1902 मध्ये त्यांनी त्यावर निबंध लिहिला.

“म्हणजे वरातीतलं फ्रॅक्चर,” बायको म्हणाली, आणि कुकर लावायला गेली.

या जागी रक्तपुरवठा मुळातच कमी, त्यामुळे हाड जुळायला कुरकुर करतं. म्हणून खेळाडूंच्या बाबतीत डॉक्टर बरेचदा आत लांबलचक स्क्रूच घालतात. माझ्याही घातला. मग पाय टेकायचा नाही, मग बूट, मग व्यायाम, असा क्रम ठरला. भेटायला येणाऱ्यांचा क्रम मात्र कोणी ठरवला नव्हता.

“स्क्रू कायले टाकला बे? हाडजोडीचा पाला बांधला असता,” एक मित्र म्हणाला. रक्तपुरवठ्याचं कळताच दुसरा सावजी रश्श्याचा डबाच घेऊन आला. “हे पी. रक्त पायात काय, कानातूनही धावते.” ते कानापर्यंत खरंच पोचलं. पायाचं माहीत नाही.

सगळ्यात कठीण शेजारचे काका. “जडेजाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं सप्टेंबर 2022 मध्ये. फेब्रुवारी 2023 मध्ये आपल्या जामठ्याच्या मैदानावर पहिल्याच दिवशी त्यानं ऑस्ट्रेलियाचे पाच गडी घेतले 47 धावांत. वरून 70 रन! अन् तू बाथरूमले जायलाही सुनेले आवाज देऊन राहिला.”

“काका, त्याच्या दिमतीला फिजिओ होते.”

“तुह्या दिमतीला आम्ही आहो ना!”

मी गुडघा आणि पाऊल यांतला फरक सांगू लागलो, तर त्यांनी ऋषभ पंत काढला. 2025 मध्ये मँचेस्टरला तो मोडकं पाऊल घेऊन पुन्हा फलंदाजीला उतरला होता. यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी उशी उंच केली आणि पाय तिच्यावर ठेवला.

आता फिजिओथेरपी सुरू आहे. जमिनीवर टॉवेल पसरायचा आणि पायाच्या बोटांनी चिमटीत धरून गोळा करायचा. दिसतं सोपं, पण घाम फुटतो. बायको रोज समोर खुर्ची टाकून बसते. लग्नानंतर पहिल्यांदाच मी टॉवेल उचलतोय, पायानं का होईना. पुढच्या एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसलं की हा व्यायाम थांबवू, असं डॉक्टर म्हणाले आहेत. घरच्यांचं मत मात्र तो जन्मभर चालू ठेवावा असं आहे, आणि ओल्या टॉवेलनं केला तर गुण लवकर येतो म्हणे.