फिल्टर चकाचक करून देणाऱ्या भाऊंना खुले पत्र

टँकवाले भाऊ,

खामगावात आमच्या फिश टँकचा कॅनिस्टर फिल्टर तुम्ही धुऊन दिलात, पैसे मोजून घेतलेत, आणि आठवडा उलटायच्या आत निऑन टेट्रा एकामागून एक गेले. फोनवर तुमचं म्हणणं पडलं, ‘मासेच कमजोर निघाले.’ मेलेल्यांना उलट बोलता येत नाही, म्हणून त्यांच्या वतीने हे पत्र. खुलं अशासाठी, की तुम्ही घाटावर आणि घाटाखाली घरोघर हेच करत फिरता.

तुमच्या मेहनतीत खोट नव्हती. तुम्ही जरा आळशी असता तर माझे मासे आज जिवंत असते. नळ आलेलाच होता. तुम्ही डबा अंगणात नेला, सगळे स्पंज धारेखाली धरून नितळ पाणी येईपर्यंत पिळले, सिरॅमिकच्या रिंगा ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून ब्रशने घासल्या. तपकिरी, बुळबुळीत गाळ मोरीकडे जाताना तुम्ही समाधानाने म्हणालात, ‘बघा, किती घाण होती!’ भाऊ, माझा फिल्टर त्या मोरीतूनच वाहून गेला. तुमच्या हातात उरला तो नुसता डबा.

मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की त्यात भर पडते. स्पंजावर आणि रिंगांच्या छिद्रांत वाढलेले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. ही गोष्ट काही काल कळलेली नाही. विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास असे जीवाणू वेगळे करून दाखवले. २०१५ मध्ये तर दोन्ही टप्पे एकटाच उरकणारा नायट्रोस्पायरा हा जीवाणू सापडला, आणि त्याचा एक नमुना मत्स्यपालनाच्या फिल्टरमधूनच मिळाला. डोळ्यांना न दिसणारे जीव काय करू शकतात हे आपल्या जिल्ह्यात तरी कुणाला समजावून सांगावं लागू नये. जून २०२० मध्ये लोणारचं अख्खं सरोवर गुलाबी झालं ते खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या आर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे. त्यांचेच दूरचे भाऊबंद, अमोनियावर जगणारे आर्किया, घरगुती टँकच्या फिल्टरमध्येही सापडले आहेत. तुम्ही त्यांना ब्लीचिंग पावडरने आंघोळ घातलीत.

नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं ते जंतू मारायलाच. आपल्या मानकाप्रमाणे नळापर्यंत पोहोचल्यावरही लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरलं पाहिजे. माणसाला ते हवंच, पण स्पंजातल्या जीवाणूंना आणि माशांच्या कल्ल्यांना नको. विरजणाचं भांडं खरवडून धुतल्यावर दही लागत नाही, हे तुमच्या घरातलं शेंबडं पोर सांगेल. ही वसाहत पुन्हा उभी राहायला तीन ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे स्वतःच्याच विषात पोहतात.

त्यात आपलं बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी. सामू ७ वरून ८ वर गेला की अमोनियातला खरा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. दुसऱ्या गावात एखाद्या वेळी खपून गेली असती ती चूक इथे जिवावर बेतते. आणि तुम्ही तर इथलेच!

भारनियमनाबद्दलही तुम्ही गिऱ्हाइकाला अवाक्षर सांगत नाही. वीज गेली की बंद डब्यातलं पाणी थांबतं, जीवाणू उरलेला प्राणवायू संपवतात आणि गुदमरू लागतात. काही तासांनी आत सडकं, वास मारणारं पाणी तयार होतं. वीज परत येताच पंप ते सगळं थेट माशांच्या अंगावर ओततो. उन्हाळ्यात हे आणखी लवकर घडतं, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. वीज बराच वेळ गेली असेल तर आधी प्लग काढायचा, डब्यातलं पाणी फेकायचं, स्पंज टँकच्या पाण्यात हलकेच खळबळून घ्यायचे आणि मगच चालू करायचं. एवढं एक वाक्य सांगायला तुमचे काय पैसे पडतात?

जिथे खरंच घासायला हवं होतं तिथे तुमचा हात फिरलाच नाही. इम्पेलर बाहेर काढला तेव्हा त्याच्या चुंबकावर शेवाळी लगदा तसाच होता, पाइप आतून काळे होते. झाकणाच्या रबरी रिंगेत वाळूचा कण अडकून डबा रात्रभर ठिबकत राहिला. तिथे रिंग पुसून सिलिकॉन ग्रीसचं बोटभर लेपण दिलं असतं तरी पुरलं असतं.

आता पुढच्या वेळचं. येताना रिकामी बादली आणा. आधी प्लग काढा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, टँकमधलंच पाणी बादलीत घ्या. स्पंज त्यातच दोन-तीनदा दाबा. पाणी गढूळ राहिलं तरी चालेल, प्रवाह मोकळा झाला की पुरे. रिंगा फक्त बुडवून काढायच्या. फेकायचा तो वरचा पांढरा कापूस. स्पंज बदलायचाच असेल तर एका वेळी एक, दुसरा पुढच्या महिन्यात. नळाचं पाणी घालायचं तर आधी क्लोरिन मारणारं औषध टाका. आणि जाताना अमोनिया तपासायची बाटली इथे ठेवून जा. आठवडाभर मी रोज तपासणार आहे, आणि आकडा चढला तर पैसे तुम्ही परत करायचे. कबूल असेल तर या, नाहीतर माझा फिल्टर माझा मी धुईन.

तुमचं एक गिऱ्हाईक, खामगाव