चिमूटभरानं काय होतंय!

रायपुरातल्या आमच्या बूढापाऱ्यात पाहुण्याला तीन गोष्टी ऐकवल्याशिवाय सोडत नाहीत. बूढा तलाव पूर्वी केवढा मोठा होता, ही पहिली. विवेकानंद लहानपणी, 1877 पासून दोनेक वर्षं, याच मोहल्ल्यात राहत होते, ही दुसरी. आणि तिसरी, "थोडं घ्याच!" पहिल्या दोन्हींनी आजवर कुणाच्या प्रकृतीला धक्का पोचलेला नाही.

नातवाला दाण्याची ॲलर्जी निघाली आणि तिसरीचा धाक बसला. भोसल्यांच्या राज्यात मराठी माणसं छत्तीसगडात उतरली. पुढं मोडी गेली, पगड्या गेल्या, आमच्या मराठीत निम्मी हिंदी शिरली; पण दाण्याचं कूट जागचं हललं नाही. काकडीच्या कोशिंबिरीत ते, भरल्या वांग्यात ते, ठेच्यात ते, मेथीच्या भाजीतही तेच. सर्वांत धोक्याचा दिवस एकादशी. साबुदाण्याची खिचडी, भगर आणि वर दाण्याची आमटी! ज्या दिवशी काही खायचं नाही, त्याच दिवशी आमच्याकडं सर्वाधिक दाणे खाल्ले जातात.

ॲलर्जी कळली त्या दिवशी दाण्याचा लाडू खाल्ल्यावर काही मिनिटांतच पोराच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजला, ओकारी झाली आणि आवाज घोगरा होऊन खोकला लागला. घरात निदानांची झुंबड उडाली. गूळ उष्ण पडला, असं मी म्हणालो. दृष्ट लागली, असं म्हणत माझी थोरली बहीण आक्का मीठमोहऱ्या शोधू लागली. "विवेकानंदांना होती का असली ॲलर्जीफिलर्जी?" असं शेजारच्या काकांनी विचारलं. सून मात्र एक शब्द न बोलता पोराला घेऊन गाडीत बसली होती. मीठमोहऱ्या सापडेपर्यंत पोराला दवाखान्यात इंजेक्शन मिळालेलं होतं.

नंतर हौशी नातेवाइकांच्या सल्ल्यानं एक मोठी रक्ततपासणी झाली. अहवालाप्रमाणे पोराला तांदूळ, तूर, गहू, वांगं, सगळंच वर्ज्य. मुलांच्या डॉक्टरांनी तो कागद बाजूला सारला आणि साधे प्रश्न विचारले. काय खाल्लं? किती वेळानं त्रास झाला? दर वेळी होतो का? रक्तात खूण दिसणं वेगळं आणि खाल्ल्यावर त्रास होणं वेगळं, असं त्यांचं म्हणणं. आपल्या देशात रक्तात अशा खुणा पुष्कळांच्या निघतात; पण शाळकरी मुलांच्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत इथं खरी अन्नाची ॲलर्जी हजारात एक-दोघांनाच आढळली होती. रोज वरणभात खाऊन हुंदडणाऱ्या पोराचा वरणभात कागद पाहून तोडायचा नसतो. यादीतून बाकी सगळं सुटलं, दाणे तेवढे राहिले.

मग सुरू झालं आमचं शिक्षण. ॲलर्जीच्या गोळीनं गांधी बसतात, खाज थांबते. श्वास अडकला तर ती कामाची नाही. तिथं ॲड्रिनॅलिनच हवं, तेही मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, आणि उशीर न करता. परदेशातल्यासारखं तयार पेन इथं सहज मिळत नाही, म्हणून डॉक्टरांनी पोराच्या वजनाप्रमाणे मात्रा लिहून दिली आणि सुनेला ते सिरिंजमध्ये भरायला शिकवलं. पोराला उभं करायचं नाही, चालवायचं नाही. आडवं करून पाय उंच करायचे; धाप लागली असेल तर बसू द्यायचं. बरं वाटलं तरी 108 ला फोन करून दवाखाना गाठायचाच, कारण काही तासांनी त्रास उलटून येऊ शकतो. सराव म्हणून मी नागपूरहून आलेल्या संत्र्यांना साध्या पाण्याची इंजेक्शनं दिली. ती संत्री घरात कुणी खाल्ली नाहीत, मलाच संपवावी लागली.

औषधाचं जमलं. जमेना ते माणसांचं. कामाला येणाऱ्या बाईला एकदाच सांगितलं, तिनं मान डोलावली आणि दारात येईल त्याला बजावू लागली, "लइका ला फल्ली झन देहू!" (पोराला दाणे देऊ नका!) सुशिक्षित मंडळी मात्र अपील करत. "चिमूटभरानं काय होतंय?" "प्रसादाला नाही म्हणू नये हो." "भाजलेले आहेत, कच्चे नाहीत." (भाजून ॲलर्जी जात नाही. दाणे उलट जास्तच बाधतात.) एका वहिनींनी चिवड्यातले दाणे वेचून वाटी पुढं केली. दाणे गेले, त्यांचं कूट चिवड्यातच होतं. संक्रांतीला तर गोड बोलण्याच्या अटीवरच लोक विष वाटत फिरत होते.

आक्काचा विरोध तात्त्विक होता. बूढा तलावाजवळची धरणं धरायची जागा सरकारनं काही वर्षांपूर्वी नवा रायपूरकडं, तूताला हलवली. आक्का मात्र स्वयंपाकघरातच बसून राहिली. कूट हद्दपार होणार नाही! त्यात कुणीतरी मोबाइलवर तिला लंडनच्या प्रयोगाची बातमी वाचून दाखवली: 2015 साली तिथल्या डॉक्टरांनी दाखवलं, की ज्या तान्ह्यांना ॲलर्जीचा धोका जास्त, त्यांना पहिल्या वर्षापासूनच दाण्याचे पदार्थ नियमित चारले तर पुढं दाण्याची ॲलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी होते. "मी म्हणतच होते, उष्टावणापासून कूट द्या!" आक्का विजयानं फुलली. पण ते ॲलर्जी व्हायच्या आधीचं, झाल्यावर घरच्या घरी करायचं नाही, हे डॉक्टरांकडून तिच्या गळी उतरवावं लागलं. डॉक्टर वयानं तरुण, पण रागावले छान.

तेव्हापासून आक्का फिरली, आणि तिचा सारा आग्रह आता उलट दिशेनं वाहतो. पुड्यांवरची बारीक अक्षरं ती भिंगातून वाचते. 2020 च्या नियमांनी पाकिटावर दाण्यांचा उल्लेख सक्तीचा केलाय, हे दुकानदाराला सुनावते. ठेल्यावरच्या पोह्यांवर काहीच लिहिलेलं नसतं, म्हणून ठेलेवाल्याची उलटतपासणी घेते. कढई कोणती, झारा तोच का, तेल कसलं? घाणीचं शुद्ध दाण्याचं तेल म्हणताच पोराला घेऊन ती तिथून निघते. शुद्धतेची इतकी भीती तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

परवा भाचा जेवायला आला. पान मांडलं तसा म्हणाला, "मावशी, मला कारल्याची ॲलर्जी आहे."

आक्कानं पळी खाली ठेवली. "गांधी उठतात?"

"नाही."

"ओठ सुजतो? घसा आवळतो? उलटी होते?"

"तसं नाही, पण..."

"खाल्ल्यावर किती वेळानं होतं?"

"खाण्याच्या आधीच होतं," भाचा प्रामाणिकपणे म्हणाला.

आक्कानं पळी उचलली आणि दोनदा वाढलं.