मार्चमधला मरिनर्सवाला

मरिनर्सवाला, म्हणजे सिएटलच्या बेसबॉल संघाचा चाहता, ओळखायचा तो मार्चमध्ये. एप्रिल उजाडला की सिएटलमध्ये कुणीही निळी टोपी घालून हिंडतं, आणि सप्टेंबरात संघ जिंकत असेल तर ज्यांना बेसबॉलचा चेंडू पांढरा असतो एवढंच ठाऊक आहे तेही लिफ्टमध्ये होमरनच्या गप्पा मारतात. मार्चचं तसं नाही. सरावाचे सामने होतात दूर ॲरिझोनात, पिओरियाच्या उन्हात. त्यांचा निकाल कुठल्याही गुणतक्त्यात धरत नाहीत. इकडे आमच्याकडे पावसाची पिरपिर संपत नसते. अशा दिवसांत जो गृहस्थ ‘आपला शॉर्टस्टॉप यंदा डाव्या हाताला जरा कमी पोचतोय’ या काळजीत गॅसवरची कढी फुटू देतो, तो अस्सल.

आमचे साडूभाऊ या जमातीतले. मूळचे सांगलीचे. १९९५ च्या उन्हाळ्यात नोकरीनिमित्त सिएटलला आले आणि त्याच ऑक्टोबरात मरिनर्सच्या एडगर मार्टिनेझने अकराव्या इनिंगमध्ये तो डबल मारला. केन ग्रिफी ज्युनियर पहिल्या बेसवरून सुटला तो थेट घरी पोचला. प्रतिस्पर्धी यँकीज बाहेर, गाव रस्त्यावर. साडूभाऊंना नियम कळत नव्हते, पण आनंद कळला. आणि इथे हे दरवर्षी असंच होत असणार, असा त्यांचा समज झाला. नव्या माणसाची कुणीतरी वेळीच कानउघाडणी करायला हवी होती. २००१ मध्ये संघाने ११६ सामने जिंकले आणि पुन्हा यँकीजपुढेच मान टाकली. त्यानंतर थेट २०२२ पर्यंत प्लेऑफचं तोंड पाहिलं नाही. एवढ्या काळात साडूभाऊंची मुलगी जन्मली, शिकली आणि घर सोडून कॉलेजात गेली. १९७७ साली स्थापन झालेला हा संघ. लीगमधल्या तीस संघांपैकी वर्ल्ड सिरीज एकदाही न खेळलेला हा एकटाच. हे वाक्य साडूभाऊ काहीशा अभिमानाने म्हणतात. तिसांत पहिलं किंवा शेवटचं, कुठेतरी एकमेव असणं महत्त्वाचं.

पिचर हा विषय त्यांच्या घरी चर्चेला येत नाही. पिचर चांगलेच असतात. सिएटलच्या मैदानावर समुद्राकडची गार, दमट हवा असते; इतर गावात प्रेक्षकांत जाऊन पडेल असा चेंडू इथे कुंपणाच्या अलीकडे दम तोडतो. त्यामुळे पिचरांची भरभराट आणि फलंदाजांची उपासमार ही इथली जुनी व्यवस्था आहे. चिंता असते ती उरलेल्यांची, म्हणजे पोझिशन प्लेअर्सची. कॅचर, बेसवरचे तिघे, शॉर्टस्टॉप आणि बाहेरच्या कुरणातले तिघे. जे मैदानावर झेलतात आणि मग बॅट घेऊन येतात, किंवा येत नाहीत.

या लोकांची यादी करायचा साडूभाऊंचा विधी आहे. फेब्रुवारीच्या मध्यात आधी पिचर आणि कॅचर सरावाला हजर होतात, बाकीचे चार-पाच दिवसांनी. ही मंडळी पोचली की साडूभाऊ पाण्याच्या बिलाचं पाकीट उलटं करून त्यावर फलंदाजीच्या क्रमाने नावं उतरवतात. दुसऱ्या दिवशी तिसरा पाचवा होतो, पाचवा सहावा होतो, कुणीतरी खोडला जातो. स्वयंपाकघराच्या ओट्यावर अशी पाकिटं साचतात. मुळात बिल भरलं का, हे ताईंनी विचारायचं असतं. (ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला बेसबॉल कळत नाही, पण साडूभाऊ कळतात, त्यामुळे निकाल तिला आधी समजतो.)

सरावाच्या बातम्या म्हणजे तर मौज. मार्चमध्ये प्रत्येक खेळाडू ‘आयुष्यातल्या सर्वोत्तम अंगयष्टीत’ परतलेला असतो. एकाने सात किलो वजन घटवलेलं असतं, दुसऱ्याने सात किलो वाढवलेलं, आणि दोन्ही बातम्या शुभ. कुणी बॅट धरायची पद्धत बदललेली असते. कुणी डोळे तपासून घेतलेले असतात. साडूभाऊ या सगळ्यावर विश्वास ठेवत नाहीत असं म्हणतात आणि मग मला फोन करून सांगतात. सराव सामन्यात आवडत्याने तीन होमरन मारले तर ‘पोरगं तयार झालंय’. त्याच आवडत्याला आठवडाभर चेंडू लागला नाही तर ‘अहो, सरावच तर आहे, मार्चच्या आकड्यांना कोण विचारतंय?’ हे दोन्ही नियम त्यांना एकाच वेळी मान्य असतात.

यंदाची, म्हणजे २०२६ ची, यादी कॅल रॉलीपासून सुरू होते. हा कॅचर, म्हणजे आपला यष्टिरक्षक म्हणा हवं तर. पण सगळा उन्हाळा उकिडवं बसायचं, ताशी दीडशे किलोमीटरचे चेंडू अंगावर घ्यायचे आणि वर फलंदाजीही करायची. अशा माणसाने २०२५ मध्ये ६० होमरन मारले. त्याआधी कॅचरचा विक्रम होता ४८. त्याचं टोपणनाव ‘बिग डंपर’. ते त्याच्या पार्श्वभागावरून पडलं आहे. ताईंना मात्र ‘संघाचा भार वाहतो म्हणून’ असं सांगण्यात आलं आहे. त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूचा मान यँकीजच्या ॲरन जजला गेला. पहिल्या पसंतीची मतं त्याला सतरा, रॉलीला तेरा. साडूभाऊ ही मतमोजणी नगरपालिकेच्या निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराच्या सुरात सांगतात, प्रभागवार.

आता कुणालाही वाटेल, साठ होमरन मारणारा माणूस घरात आहे म्हटल्यावर याने पाय पसरून बसावं. छे!

“साठ झाले,” साडूभाऊ म्हणाले. “आता पुढे काय?”

“पुढे एकसष्ट,” मी म्हणालो.

“साठीनंतर काय होतं तुम्हाला माहीत नाही? सोसायटीत बघा जरा.”

बेसबॉलच्या जागतिक स्पर्धेत रॉली अमेरिकेकडून आणि आपल्याच संघातला हुलिओ रॉड्रिगेझ डॉमिनिकन प्रजासत्ताकाकडून उतरणार म्हटल्यावर तर त्यांनी मोसमावर पाणी सोडलं. ते सामने त्यांनी सगळे पाहिले. कोण जिंकलं ते त्यांना सांगता येईना. दोघे आपापल्या पायांनी मैदानाबाहेर आले का, एवढंच ते बघत होते.

पहिल्या बेसवर जॉश नेलर. कॅनडाचा, अंगाने भरलेला, पळण्याच्या वेगात अख्ख्या लीगच्या तळाशी. या गृहस्थाने २०२५ मध्ये ३० बेस चोरले. कसे, ते चोरी झालेल्यांनाही नीट सांगता आलेलं नाही. पिचरची पाठ फिरली की हा आपला निवांत निघतो. साडूभाऊंचा हा विशेष लाडका, कारण पोट असलेल्या माणसानेही धावावं हा विचारच त्यांना दिलासा देतो. संघाने त्याला पाच वर्षांसाठी ठेवून घेतलं, तेव्हा मालकांनी पैसे खर्च केल्याचा धक्का बसून साडूभाऊ थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पाच वर्षं म्हणजे जरा जास्तच नाही का?” त्याआधीची कित्येक वर्षं ते मालक कवडीचुंबक आहेत म्हणून बोटं मोडत होते.

दुसऱ्या बेसवर कोल यंग, बाविशीचा. त्याच्याबद्दल मत द्यायला वेळ आहे म्हणतात. शॉर्टस्टॉपला जे. पी. क्रॉफर्ड, २०१९ पासून इथे खेळतोय, सध्याच्या खेळाडूंत सगळ्यात जुना. त्याच्या कराराचं हे शेवटचं वर्ष, आणि मागे कोल्ट इमर्सन नावाचा वीस वर्षांचा पोरगा उभा आहे. या इमर्सनचं साडूभाऊंना सगळं ठाऊक आहे. कुठल्या गावच्या छोट्या संघात किती खेळला, डावखुऱ्या पिचरपुढे काय करतो, किती चेंडू सोडतो. सख्खा भाचा पुण्यात यंदा कितव्या वर्षाला आहे, असं ताईंनी विचारलं तर म्हणतात, “बहुतेक तिसऱ्या. की पास होऊन लागला कुठे?”

तिसऱ्या बेसचा विषय त्या घरात काढायचा नसतो. तिथली कथा युहेनिओ सुआरेझची. हसरा माणूस, होमरन पुष्कळ, पण हुकायचाही पुष्कळ. २०२३ च्या मोसमानंतर संघाने त्याला ॲरिझोनाला देऊन टाकलं. त्याने तिकडे जाऊन धुमाकूळ घातला. मग २०२५ च्या जुलैमध्ये त्याच ॲरिझोनाला तरुण खेळाडू मोजून तो परत आणला. परत आल्यावर त्याच्या बॅटला चेंडू लागेना. साडूभाऊंनी त्याच्यावर अण्वस्त्र सोडून बाकी सगळं डागून घेतलं. आणि वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या फेरीत, टोरंटोविरुद्धच्या पाचव्या सामन्यात, तिन्ही बेस भरलेले असताना, त्यानेच होमरन मारून सामना काढला. साडूभाऊ रडले. हे ताईंनी सांगितलं. ते स्वतः कांदा चिरत होते म्हणतात, दिवाणखान्यात. मोसम संपल्यावर सुआरेझ पुन्हा गेला. आता त्या जागी जो कुणी उभा राहील त्याच्याशी साडूभाऊंनी अजून मनातल्या मनातही बोलणं सुरू केलेलं नाही.

बाहेरच्या कुरणात डावीकडे रँडी अरोझारेना. क्यूबात जन्मला, मेक्सिकोकडून खेळतो, आणि काही पराक्रम केला की हाताची घडी घालून पुतळ्यासारखा उभा राहतो. ही पोझ साडूभाऊ भांडी लावून झाल्यावर घेतात. मध्यभागी हुलिओ. याचं दुखणं एकच, तो एप्रिल-मेमध्ये थंड असतो आणि उन्हाळा चढला की पेटतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याने चार सामन्यांत १७ हिट मारले. चार सामन्यांत इतके त्याआधी कुणी मारले नव्हते. एवढा देखणा खेळाडू क्वचित पाहायला मिळतो, हे मी बेसबॉलचा अडाणी असूनही म्हणतो. साडूभाऊंची सूचना अशी आहे की त्याच्या खोलीतलं कॅलेंडर कुणीतरी चार महिने पुढे करून ठेवावं. उजवीकडे व्हिक्टर रोब्लेस, ज्याने गेल्या वर्षी एप्रिलमध्येच अशक्य झेल घेताना कुंपणाच्या जाळीत शिरून खांदा निखळवून घेतला. झेल सुटला नाही, याचं कौतुक साडूभाऊ खांद्याच्या बातमीच्या आधी करतात.

संघाचे सूत्रधार जेरी डिपोटो २०२३ मध्ये एकदा बोलून गेले की दहा वर्षं सातत्याने ५४ टक्के सामने जिंकले तर वर्ल्ड सिरीज गाठता येते. बेसबॉलच्या हिशेबात ते फारसं चूकही नाही. पण ५४ टक्के ऐकून सिएटल पेटलं, आणि सांगलीचा माणूस तर दुहेरी पेटला. “आमच्या घरात ५४ टक्के आणले असते तर वडिलांनी वर्ल्ड सिरीज दाखवली असती,” ते म्हणाले.

एवढं सगळं सोसलेल्या माणसाकडून श्रद्धा-अंधश्रद्धेचा हिशेब मागू नये. २०२२ च्या ऑक्टोबरात टोरंटोविरुद्ध संघ ८-१ असा मागे होता, तेव्हा चाहत्यांनी डोक्यावर बूट ठेवले आणि संघ १०-९ जिंकला. ही पद्धत तेव्हापासून साडूभाऊंच्या दिवाणखान्यात चालू आहे. पहिल्या वेळी ताई देवापुढे दिवा लावून बाहेर आल्या तर नवरा सोफ्यावर, डोक्यावर डाव्या पायाचा बूट, डोळे मिटलेले. ‘निदान नवा तरी घ्यायचा,’ एवढंच त्या म्हणाल्या. आता त्यासाठी एक वेगळा जोड कपाटात वर ठेवलेला असतो. तो घालून कधी कुणी चाललेलं नाही.

पण या मार्चमध्ये त्यांचं खरंच बिनसलं आहे, आणि त्याचं कारण मला कळायला वेळ लागला नाही. आजवर यादी केली की भोक दिसायचं. पहिल्या बेसवर कुणी नाही, किंवा दुसऱ्यावर जो आहे त्याला चेंडू दिसत नाही. मग त्या भोकावर बोट ठेवून साडूभाऊ मोसमभर सुखात दुःखी राहायचे. यंदाच्या पाकिटावरची नावं बरी आहेत. वरची पाच तर कुणालाही हेवा वाटावीत अशी. गेल्या ऑक्टोबरात हीच मंडळी वर्ल्ड सिरीजपासून आठ विकेटांवर, म्हणजे आठ आउटवर, होती. सातवा सामना, सातवी इनिंग, ३-१ ने पुढे. आणि टोरंटोच्या जॉर्ज स्प्रिंगरने तिघांचा होमरन मारला. ४-३. वाईट संघाने हरवलं तर माणूस टोपी आपटतो आणि झोपतो. चांगल्या संघाने आशा दाखवली की झोप जाते. साडूभाऊ रोज रात्री ते पाकीट दिव्याखाली धरून दोष शोधतात आणि सापडत नाही म्हणून अस्वस्थ होतात. परवा म्हणाले, “राखीव कॅचर जरा कच्चा वाटतो.” सापडल्यावर चेहरा किती उजळला!

मी उगीच विचारलं, “मग यंदा वर्ल्ड सिरीज?”

“तोंड सांभाळा!” ते ओरडले आणि लाकडाला हात लावायला म्हणून त्यांनी फर्निचर शोधलं. हाताशी होतं ते लॅमिनेट. उठून जिन्याच्या कठड्यापर्यंत गेले, तिथे दोनदा टकटक केली. “८५ जिंकतील. एका सामन्याने प्लेऑफ हुकेल. दोन हजार चोवीससारखं. आपल्याला काय त्याचं?”

त्यांना काय त्याचं, हे ताईंकडून कळलं. दिवाळी यंदा ८ नोव्हेंबरला आहे. सासूबाईंची इच्छा, सगळ्यांनी ऑक्टोबरच्या मध्यातच सांगलीला यावं, फराळ मिळून करावा. साडूभाऊंनी तिकिटं काढली ती २ नोव्हेंबरची. जागतिक घडामोडींचा त्यांनी खुलासा केला, रजेचा केला, हवामानाचा केला. ताईंनी ऐकून घेतलं. शेवटी ते म्हणाले, “अगं, तेव्हा भाडं स्वस्त असतं.”

दिवाळीच्या तोंडावर मुंबईचं भाडं स्वस्त करणारी विमान कंपनी कुठली, ते ताई अजून विचारतायत.